हळकुंडाची चोपडी
वनस्पतींच्या जनुकवाचनाने सांगली-साताऱ्यास काय दिले, आणि पुढे काय मागितले जाईल

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथील भुसभुशीत नसलेल्या, घट्ट मातीत खोल खणलेली पेवे ही एकेकाळी या परिसराची तिजोरी होती. वाळवून पॉलिश केलेली हळद त्या अंधाऱ्या पोटात वर्षानुवर्षे किडीवाचून राहत असे, आणि पेवातील मालाच्या पावतीवर सांगलीच्या पेठेत लक्षावधींचे सौदे होत. २००५ च्या महापुराने यांपैकी अनेक पेवे निकामी केली. आता माल गोदामात आणि शीतगृहात राहतो. पेठ मात्र टिकली, सौदेही टिकले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले.

ज्या वनस्पतीवर ही सारी उलाढाल उभी आहे, तिच्या अंतरंगातील मजकूर मात्र अगदी अलीकडे वाचला गेला. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये हळदीच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. सुमारे एक अब्ज अक्षरे आणि त्यांत सुमारे पन्नास हजार जनुके. ही बातमी शेअर बाजाराच्या पानावर आली नाही, अडत दुकानातही तिची चर्चा झाली नाही. तरीही पुढील वीस वर्षांत हळद, द्राक्ष, ऊस आणि आले यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या घरांवर जिचा परिणाम होणार आहे, अशी ही गोष्ट आहे. म्हणून ती समजून घेणे अगत्याचे वाटते.

चोपडी आणि तिची लिपी

प्रत्येक सजीवाच्या पेशीत एक चोपडी असते असे समजू. तिची लिपी चारच अक्षरांची. या अक्षरांच्या लांबच लांब ओळीतील जो भाग एखादे काम घडवून आणतो, त्यास जनुक म्हणावे. पान किती रुंद व्हावे, कंदात पिवळा रंग किती उतरावा, करपा रोगास कसे तोंड द्यावे, याच्या नोंदी त्यात असतात. सगळ्या नोंदी मिळून झाला जनुकसंच. चोपडीचे जसे खंड असतात, तशी गुणसूत्रे.

पहिल्यांदा संपूर्ण वाचली गेलेली वनस्पती मोहरीच्या कुळातील एक क्षुल्लक तण होती. ते वर्ष २०००. भाताची चोपडी २००५ मध्ये पूर्ण झाली. त्या आंतरराष्ट्रीय कार्यात दिल्लीतील भारतीय शास्त्रज्ञांनी अकराव्या गुणसूत्राचा वाटा उचलला होता. २०११-१२ मध्ये तूर वाचली गेली आणि २०१३ मध्ये हरभरा. या दोन्ही कामांत भारतीय संस्थांचा व हैदराबादच्या इक्रिसॅटचा पुढाकार होता, ही डाळींचा व्यापार करणाऱ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी बाब आहे. गव्हाची चोपडी माणसाच्या चोपडीहून पाचपट मोठी. ती २०१८ मध्ये हाती आली. २०२१ मध्ये तर हरभऱ्याच्या एका नव्हे, तीन हजारांहून अधिक वाणांची अक्षरे एकत्र मांडून पाहिली गेली.

हा वेग खर्च उतरल्यामुळे आला. माणसाचा जनुकसंच पहिल्यांदा वाचण्याच्या प्रकल्पास सुमारे तीन अब्ज डॉलर लागले. आज तेच काम काहीशे डॉलरमध्ये होते. कोणत्याही वस्तूचा भाव इतका कोसळला, की तिचे ग्राहक आणि उपयोग दोन्ही बदलतात, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

तीन वह्या आणि दोन वारस

हळदीस सहसा बी का धरत नाही, याचे उत्तर या चोपडीतच आहे. बहुतेक प्राणी व वनस्पतींच्या पेशीत प्रत्येक खंडाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून आणि एक पित्याकडून. पुढील पिढी घडताना त्यांची सरळ वाटणी होते. हळदीत मात्र तीन प्रती आहेत. एकवीस खंडांच्या तीन मिळून त्रेसष्ट. तीन वह्यांची दोन भावांत समान वाटणी करू म्हटले तर जी अडचण होईल, तीच निसर्गास होते. वाटणी विस्कटते आणि बीज बहुधा वांझ राहते.

म्हणून शेतकरी गड्डा लावतो. जेठा गड्डा असो, बगल गड्डा असो किंवा हळकुंड असो, त्याच्या प्रत्येक डोळ्यातून उगवणारे रोप मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असते. आपल्या आगमांत वनस्पतिकायाचा जो सूक्ष्म विचार आहे, त्यात छेदल्यावर पुन्हा उगवणे हे एक लक्षण सांगितलेले आहे, आणि कंदमुळांची गणना अनंतकायात केली आहे. ओली हळद, ओले आले आपल्या घरांत वर्ज्य, पण शिजवून वाळवलेले हळकुंड आणि सुंठ ग्राह्य, या आचारामागे हाच विचार आहे. शिजवलेल्या हळकुंडास पुन्हा कोंब फुटत नाही. विज्ञान जीवाविषयी बोलत नाही आणि आगम प्रयोगशाळेच्या साक्षीवर अवलंबून नाहीत. त्यामुळे एकाने दुसऱ्यास सिद्ध केले असे म्हणणे दोहोंवर अन्याय करणारे ठरेल. मात्र आपल्या पूर्वजांनी ज्या वनस्पतीकडे इतक्या बारकाईने पाहिले, तिच्याविषयी नव्याने कळलेले आपण दुर्लक्षू नये, एवढे निश्चित.

नक्कल होण्याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. बी नाही म्हणजे संकर जवळजवळ नाही, आणि संकर नाही म्हणजे नवे वाण घडवणे अत्यंत कठीण. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्राने 'कृष्णा' आणि 'फुले स्वरूपा' हे वाण दिले, ते अनेक नमुन्यांतून वर्षानुवर्षे निवड करीत. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने हळदीस क्वचित धरणाऱ्या बीजांतून 'प्रभा' आणि 'प्रतिभा' मिळवले. दोन्हीकडे खर्च झाला तो प्रामुख्याने काळ.

जनुकवाचनाने हा काळ कमी होऊ शकतो. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासून त्यात कर्क्युमिन अधिक देणाऱ्या, कंदकुजीस तोंड देणाऱ्या नोंदी आहेत की नाहीत हे कळले, तर नऊ महिने थांबून कंद उकरण्याची गरज उरणार नाही. परदेशी खरेदीदार आज रंगाऐवजी कर्क्युमिनची टक्केवारी विचारतो. मेघालयाच्या लाकाडोंग हळदीत ती सात टक्क्यांवर जाते. ते रहस्य तेथील मातीत किती आणि जनुकांत किती, याचा उलगडा सांगलीस उपयोगी ठरणारा आहे.

द्राक्षाचे एक अक्षर, उसाच्या अनेक वह्या

द्राक्षाचा जनुकसंच २००७ मध्ये वाचला गेला. फळपिकांत तो पहिला. द्राक्षात बी का नसते, याचे कारण २०१८ मध्ये एका जनुकातील एकाच अक्षराच्या बदलापर्यंत येऊन पोहोचले. तासगावचा बेदाणा, ज्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, तो या एका अक्षराची देणगी आहे. थॉमसन सीडलेस वेलीच्या एखाद्या फांदीत अचानक वेगळे घड दिसावेत, जाणत्या बागायतदाराने ती फांदी जपावी, आणि तिच्यातून 'तास-ए-गणेश'सारखे वाण निघावे, ही या मातीतील खरी संशोधनपरंपरा. असा बदल चोपडीच्या कोणत्या ओळीत झाला, हे आता वाचता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने रसासाठी काढलेला 'एआरआय-५१६' आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' हे वाण अशा प्रयत्नांच्या वाटेवरचे आहेत.

उसाची कथा सर्वांत गुंतागुंतीची. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात शतकापूर्वी गोड उसाचा संकर रानटी काश गवताशी केला गेला आणि भारतीय साखर उद्योग उभा राहिला. परंतु त्यामुळे आजच्या उसात एकाच खंडाच्या आठ-दहा, कधी बारा प्रती सापडतात. शंभरांहून अधिक गुणसूत्रे आणि सुमारे दहा अब्ज अक्षरे. मार्च २०२४ मध्ये 'आर-५७०' या वाणाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तोवर जगातील प्रमुख पिकांत ऊसच वाचावयाचा राहिला होता. तांबेऱ्यास टिकणाऱ्या एका भागाचा शोध त्यातून लागला. फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून कार्यरत आहे. उत्तर प्रदेशात 'को ०२३८' हे लोकप्रिय वाण लाल कूज रोगाने कसे खचले, हे ताजे उदाहरण समोर आहे. एका वाणावर सारा जिल्हा अवलंबून असेल, तर ती एकाच खातेदारास सगळे कर्ज देण्यासारखी जोखीम आहे.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही या यादीत आहे. तिच्यात प्रत्येक खंडाच्या आठ प्रती. त्या २०१९ मध्ये उलगडल्या. फळास २०१० पासून मानांकन आहे, पण मातृरोपे मात्र बहुतांशी परदेशी वाणांची. नाव आपले, बेणे त्यांचे. हा विषय पुढे पुन्हा येईल.

पेठेच्या कामाचे काय?

बँकेत मालतारण कर्जे हाताळताना हळदीची प्रत ठरवण्याची रीत मी वर्षानुवर्षे पाहिली. हळकुंड मोडायचे, आतील रंग पाहायचा, वास घ्यायचा, आवाज ऐकायचा. ही नजर अनुभवाने येते आणि तिची किंमत मोठी आहे. पण पूड झाली की नजर थिटी पडते. हळदीच्या पुडीत कचोऱ्यासारख्या जवळच्या जातींची पूड मिसळली, तर रंगावरून ते ओळखणे कठीण. कोझिकोडच्या संस्थेने अशी भेसळ ओळखणाऱ्या जनुकीय खुणा २०११ च्या सुमारास विकसित केल्या आहेत. पुडीतील अक्षरे वाचली की परकी जात लपत नाही.

या परीक्षेची मर्यादाही ध्यानात घ्यावी. लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलो हे रंग सजीव नाहीत. त्यांची चोपडी नाही, त्यामुळे ते जनुकीय चाचणीत दिसणार नाहीत. त्यासाठी रासायनिक तपासणीच हवी. आणि या विषारी रंगांचा प्रश्न प्रयोगशाळेपूर्वी सचोटीचा आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत भेसळीचा उल्लेख येतो, हे आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे.

मानांकनाच्या बाबतीतही एक पेच आहे. सांगलीच्या पेठेत निजामाबादची, कर्नाटकाची, नांदेड-हिंगोलीची हळद येते. मानांकन मात्र स्थानाचे असते. सांगली जिल्ह्यात पिकणारे सेलम वाण आणि इतरत्र पिकणारे सेलम वाण यांची जनुकीय अक्षरे सारखीच असू शकतात. म्हणजे जनुकीय चाचणी वाण सांगेल, गाव सांगणार नाही. गावासाठी शेतापासून पेठेपर्यंतच्या विश्वासार्ह नोंदी लागतात. हे काम शास्त्रज्ञांचे नाही. अडत्याच्या वहीचे आहे.

वाचण्यापासून दुरुस्तीपर्यंत

वाचता आले की दुरुस्त करण्याची इच्छा होते. २०१२ मध्ये क्रिस्पर हे तंत्र पुढे आले आणि त्यासाठी २०२० चे नोबेल दिले गेले. यात वनस्पतीच्या स्वतःच्या चोपडीतील ठरावीक अक्षर बदलता येते. मार्च २०२२ मध्ये भारत सरकारने, बाहेरचे जनुक न घालता केलेल्या अशा बदलांस जनुकीय परिवर्तित पिकांच्या कठोर नियमांतून काही अंशी वगळले. मे २०२५ मध्ये 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस १' या दोन जनुकसंपादित भातवाणांची घोषणा झाली.

आपल्या वाचकांच्या मनात येणारा प्रश्न उघड आहे: वनस्पतीत प्राण्याचा अंश तर येणार नाही? येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जनुकसंपादनात, वर सांगितलेल्या प्रकारांपुरते, परके जनुक राहत नाही. परिवर्तित पिकांत ते असते. २००२ पासून आपल्याकडे असलेल्या बीटी कापसात ते मातीतील एका जिवाणूचे आहे. थंडी सोसणाऱ्या माशाचे जनुक टोमॅटोत घालण्याचा प्रयोग अमेरिकेत १९९१ च्या सुमारास झाला होता; ते टोमॅटो बाजारात कधीच आले नाहीत. बीटी वांग्यास २०१० मध्ये स्थगिती मिळाली, आणि मोहरीच्या संकराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले. मात्र सरकीचे तेल आणि आयात केलेले सोयातेल यांच्या मार्गाने परिवर्तित पिकांचा अंश आपल्या व्यापारात आधीच आला आहे, हे तेलाच्या धंद्यातील मंडळींनी जाणून असावे. ग्राहकाने विचारले तर उत्तर तयार हवे, आणि पिशवीवरची माहिती खरी हवी. आहाराचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण तो माहितीवर घेता यावा, ही विक्रेत्याची जबाबदारी आहे.

पुढील आव्हाने

पहिले आव्हान अर्थ लावण्याचे. अक्षरे वाचली गेली, तरी बहुतांश जनुकांचे नेमके काम अजून ठरावयाचे आहे. मोडी लिपी वाचता आली म्हणून जुन्या दप्तरातील व्यवहार समजतोच असे नाही. त्यासाठी शेतातील नोंदी हव्यात: कोणत्या गावी, कोणत्या पावसात, कोणत्या वाणाने काय दिले. हे काम खर्चिक, संथ आणि प्रसिद्धी न देणारे असते. म्हणून त्यालाच निधी कमी मिळतो.

दुसरे आव्हान बेण्याचे. हळदीस एकरी सुमारे दहा क्विंटल बेणे लागते. समजा, उत्तम वाणाचे एक किलो बेणे हाती आले आणि दरवर्षी ते दसपट झाले. एक हजार एकरांसाठी लागणारे दहा हजार क्विंटल, म्हणजे दहा लाख किलो, जमण्यास सहा वर्षे लागतील. तेही त्या सहा वर्षांत एकही हळकुंड न विकता. एवढे भांडवल अडकवून ठेवणे एका शेतकऱ्यास परवडणारे नाही. ऊतिसंवर्धनाने हा काळ घटतो. पण त्या प्रयोगशाळेसही पैसा लागतो. वसमतचे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादेत सुरू झालेले राष्ट्रीय हळद मंडळ यांच्याकडून येथे अपेक्षा आहेत.

तिसरे आव्हान मालकीचे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर करून ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द करवले. तेव्हा वाद औषधी गुणाचा होता. आता वाद अक्षरांचा असेल. जनुकसंच सार्वजनिक संगणकीय भांडारात आहे. त्यावरून कोणी लाभ मिळवला, तर मूळ वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यास काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय 'काली निधी'त अशा माहितीचा लाभ घेणाऱ्या कंपन्यांनी वाटा द्यावा, असे ठरले आहे. ते देणे ऐच्छिक आहे. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास स्वतःचे वाण नोंदवण्याचा हक्क दिला आहे. तो वापरला तरच त्याचा उपयोग.

चौथे आव्हान सर्वांत गंभीर वाटते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी हळदीत कर्क्युमिन घडवणारी विकरे ओळखली. त्यांची जनुके जिवाणूंत व यीस्टमध्ये घालून टाकीत कर्क्युमिन तयार करण्याचे प्रयोग झाले आहेत. ते स्वस्त झाले, तर औषध कंपन्यांस शेतातील कंदाची गरज किती उरेल? १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहार-बंगालची निळीची निर्यात पुढील दोन दशकांत कोसळली. हळदीचे तसेच होईल असे नव्हे, कारण हळद केवळ एका रसायनासाठी विकली जात नाही. ती स्वयंपाकात आहे, लग्नमांडवात आहे, देवघरात आहे. पण ज्या व्यापाराचा सारा भर टक्केवारीच्या एका आकड्यावर येईल, तो त्या आकड्याच्या स्वस्त पर्यायापुढे उघडा पडेल. सांगलीने स्वाद, शुद्धता आणि मूळ यांवर उभे राहणे हा दूरदृष्टीचा विमा होय.

पाचवे आव्हान साताऱ्याच्या पठारावर आहे. कासच्या पठारावर पावसाळ्यात 'चवर' फुलते. ती हळदीच्याच वंशातील, महाराष्ट्राबाहेर न आढळणारी रानटी भगिनी. हळदीत जे गुण नाहीत, ते उद्या अशा रानटी आप्तांत शोधावे लागतील. उसास काश गवताने जे दिले तसे. २०१२ मध्ये हे पठार जागतिक वारसा ठरले, पण वारसा पायदळी तुडवून छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्याही वाढली. मूळ वनस्पतीच नष्ट झाली, तर संगणकातील तिची अक्षरे ही बुडालेल्या पेढीच्या खतावणीसारखी उरतील. हिशेब बिनचूक, पण देणारा कोणीच नाही.

आपल्या हाती काय आहे?

आपल्या समाजातील अनेक घराणी या पिकांच्या खरेदी-विक्रीत आहेत, आणि आपल्यातीलच असंख्य कुटुंबे कृष्णा-वारणेकाठी ती पिकवतात. दोघांची पेठेत रोज गाठ पडते. व्यापारी संघटनांनी कसबे डिग्रज, पाडेगाव येथील केंद्रांशी बेणेवाढीसाठी करार करावेत. सहा वर्षे अडकणाऱ्या भांडवलाचा काही भार पेठेने उचलावा. भेसळतपासणीची सामाईक सोय व्हावी. शेत ते गोदाम नोंदी ठेवण्याची शिस्त अडत दुकानांतून सुरू व्हावी. समाजाच्या शिष्यवृत्त्या बहुधा वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि सनदी लेखापालांच्या अभ्यासासाठी दिल्या जातात. त्यांतील एक-दोन वनस्पतिशास्त्र आणि जैवमाहितीशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींस मिळाव्यात. आपल्या धंद्याची चोपडी वाचणारे कोणीतरी आपल्या घरातले असावे.

वनस्पतीस जीव मानून तिच्याशी संयमाने वागावे, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून शिकवले जाते. तिची अक्षरे वाचण्याची शक्ती आता हाती आली आहे. ती मिळकत आहे तशीच ठेवही आहे. आणि ठेव मोडून खाल्ली तर पुढच्या पिढीस व्याज मिळत नाही.